शुभेच्छुक, इयत्ता दहावी

आमच्या चौकात वाढदिवस साजरे होत नाहीत, टांगले जातात. हे वाक्य माझं नाही, चौकातल्या बॅनरविरुद्ध बाबांनी काढलेल्या पत्रकातलं आहे. मी नववीत असताना त्यांनी ते लिहिलं आणि पत्रकांच्या घड्या घालता घालता माझं पाठ झालं.

आमचं घर चालायचं ते आईच्या तहसीलमधल्या नोकरीवर आणि घरातल्याच एका खोलीत चालणाऱ्या बाबांच्या टायपिंग क्लासवर. पण घरातली भाषा पत्रकांची होती. अक्षरओळख मला 'जाहीर', 'निषेध' आणि 'आवाहन' या शब्दांवरून झाली. नळाला पाणी आलं नाही, पत्रक. बसस्टँडवर बायकांच्या मुतारीला दार नाही, पत्रक. बाबा मजकूर स्वतः टाइप करायचे, क्लासच्या प्रिंटरवर काढायचे आणि संध्याकाळी आम्ही तिघं जमिनीवर बसून घड्या घालायचो. मला त्याचा फार अभिमान होता. आपलं घर बाकीच्या घरांपेक्षा वेगळं आहे, आपण खरं बोलणारी माणसं आहोत, असं मला सातवी-आठवीपासूनच वाटायचं. तसं वाटत असलेली मुलगी वर्गात किती असह्य होत असेल, हे मला कुणी सांगितलं नाही.

असल्या घरात राहून मी कोरियातल्या पाच पोरांच्या गाण्यांच्या नादी लागले.

बाबांनी गाणी ऐकायला कधी बंदी घातली नव्हती. बंदी हा शब्दच त्यांना चालायचा नाही. पण त्यांचं एक वाक्य होतं: "बाजार आधी कानात शिरतो, मग खिशात." हे वाक्य ऐकल्यावर आपल्या कानात काय शिरलंय ते त्यांना कसं सांगणार? ते रागावले असते तर मी भांडले असते. ते समजावून सांगतील, याची भीती होती.

आम्ही तिघी होतो. एकीच्या भावाचं फ्लेक्स छपाईचं दुकान होतं आणि तिच्या दप्तरात चोरून आणलेला फोन असायचा. दुसरी तांड्यावरून आलेली, माझ्या बाकावरची. औंढ्याच्या रस्त्याला आत तिचा तांडा. गावात ती मुलींच्या वसतिगृहात राहायची. गाणं पहिल्यांदा ऐकलं ते शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून, मधल्या सुट्टीत. मी म्हणाले, "शब्द तर काहीच कळत नाहीत."

तांड्यावरची म्हणाली, "मला मराठी बी शाळेत आल्यावरच आली. पहिलीत बाई काय बोलून राहिल्या, कायबी कळत न्हवतं. अजून एक भाषा आली तर काय बिघडलं?"

आणि तिला ती खरंच यायला लागली. महिन्याभरात ती अख्खं गाणं म्हणायची. त्या पाचांतला सगळ्यांत लहान पोरगा तिचा आवडता. त्याच्या वाट्याला गाण्यात दोनच ओळी यायच्या. आम्ही त्याला धाकटा म्हणायचो.

रविवारी सकाळी बाबा संघटनेच्या बैठकीला जायचे आणि टायपिंग क्लास रिकामा असायचा. नवीन गाणं आलं की चाहत्यांनी ते पुन्हा पुन्हा लावायचं, म्हणजे जगात त्याचा आकडा वाढतो, हे आम्हाला फोनवरच्या ग्रुपमधून कळलं होतं. त्याचे नियमही होते. मध्ये थांबवायचं नाही, आवाज बंद करायचा नाही, पुढे ढकलायचं नाही. बाबांच्या संघटनेत एवढी शिस्त नव्हती. आम्ही क्लासचे सगळे कॉम्प्युटर सुरू करून प्रत्येकावर तेच गाणं लावायचो. नेट हळू. त्यामुळे प्रत्येक कॉम्प्युटर थोडा मागे-पुढे, आणि खोलीभर ते गाणं असं घुमायचं, जसं आरतीला मागची माणसं एक ओळ उशिरा म्हणतात. तिघी खुर्च्यांवर उभ्या राहून नाचायचो. बाबा घरी येऊन म्हणायचे, "या महिन्यात नेट लवकर संपलं काय गं?" मी पुस्तकातून मान वर काढायची नाही.

दहावीच्या दिवाळीनंतर धाकट्याचा वाढदिवस येणार होता. मोठ्या शहरांतले चाहते त्या दिवशी रस्त्यावर मोठमोठे फलक लावतात, असं आम्ही पाहिलं होतं. फ्लेक्सवाली म्हणाली, "मग आपल्याकडे काय कमी आहे? माझा दादा रोज वाढदिवसच छापतो. उरलेल्या तुकड्यावर काढून दे म्हणते."

मला खरं तर तिथेच आठवायला हवं होतं की बॅनरविरुद्धची पत्रकं मीच घडी घालून वाटली आहेत. आठवलंच. पण मी मनाशी असा युक्तिवाद केला की आमचा बॅनर सत्तेचा नाही, प्रेमाचा आहे. पत्रकांवर वाढलेल्या मुलीला युक्तिवाद कमी पडत नाहीत. मजकूर मीच लिहिला. 'लहान गावातून कष्टाने वर आलेल्या, गाण्यात दोनच ओळी मिळूनही मन लावून गाणाऱ्या कलावंतास हिंगोली जिल्ह्यातील चाहत्यांचा सलाम.' खाली नाव कुणाचंच नको, एवढं ठरलं होतं.

पण फ्लेक्सवालीचा दादा त्याच्या धंद्यात पक्का. त्याने बहिणीला नंतर सांगितलं ते असं: "शुभेच्छुकांचे फोटो नसले की बॅनर उघडा वाटते. लोक म्हणतील, याच्यामागं कोणीच न्हाई." म्हणून त्याने बहिणीच्या फोनमधून स्नेहसंमेलनाचे फोटो घेतले, आमचे तिघींचे चेहरे गोल कापले, खाली नावं टाकली, नावांखाली 'इयत्ता दहावी' टाकलं. धाकट्याच्या डोक्यामागे त्याने नेहमीचं सोनेरी किरणांचं वलय घातलं आणि माझ्या मजकुराच्या वर, स्वतःच्या मनाने, 'युवकांचे आशास्थान'. बॅनर त्याने सकाळीच चौकात, एका पुढाऱ्याच्या बॅनरशेजारी बांधून टाकला. आम्हाला खूश करायचं होतं त्याला.

शाळेत जाताना आम्ही पाहिलं. पहिल्यांदा आम्ही आनंदाने ओरडलो, हे मी लपवणार नाही. तांड्यावरची तर तोंडावर हात दाबून हसत होती. "आगं, मी त्याच्या बाजूलाच हाय! बघ ना, बराबर बाजूला!"

मग पानटपरीवरची माणसं ऐकू यायला लागली.

"हा कोन्त्या वार्डातून उभाय?"

"वार्डातला न्हाई, नेपाळचा दिसून राहिला."

"आन या पोरी कोन? हे तर आपल्या सरांचं लेकरू हाय! बॅनर काढा म्हणणाऱ्या सरांचं!"

"मंग सरच उभे राहतेत का काय अवंदा?"

आम्ही शाळेकडे पळालो. दुपारी पालिकेचा ट्रॅक्टर आला, दोन माणसांनी आमचा बॅनर उतरवला, गुंडाळला आणि ट्रॅक्टर निघून गेला. शेजारचा पुढारी तसाच हात जोडून उभा. पलीकडचे सगळे तसेच.

संध्याकाळी मी घरात शिरले तेव्हा बाबा क्लासमध्ये एकटेच बसले होते. त्यांना सगळं चहाच्या हॉटेलात कळलं होतं.

"मजकूर तू लिहिलास?"

"हो."

"आशास्थान?"

"ते नाही. ते दुकानवाल्या दादानं घातलं."

"बाकीचा बरा आहे," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "मला सांगायचं होतंस."

मला वाटलं, जमीन फाटावी. अख्ख्या गावासमोर माझं गाणं उघडं पडलं होतं, बाबांची खिल्ली माझ्यामुळे उडाली होती, आणि वर ते रागावतही नव्हते. रागावले ते वेगळ्याच गोष्टीवर. पालिकेतल्या कुणीतरी त्यांना रस्त्यात थांबवून सांगितलं होतं, "सर, तुमच्या मागणीची दखल घेतली. बॅनर काढला." एकच. तीन शाळकरी मुलींचा. बाबांनी त्याच रात्री जेवण बाजूला ठेवलं आणि टाइप करायला बसले.

पत्रकाचं शीर्षक होतं, 'पुढाऱ्यांचे चेहरे राहतात, मुलींचे उतरतात!' आजही मला ते शीर्षक उत्तम वाटतं. खाली त्यांनी लिहिलं होतं की कायदा सगळ्यांना सारखा लावा, नाहीतर कुणालाच लावू नका. एक परिच्छेद मुलींच्या आवडीनिवडीवर होता: 'आमच्या मुली परदेशी गायकाचं गाणं ऐकतात. ऐकू द्या. गाण्याने कुणाचं घर बुडालेलं नाही.' आणि शेवटी: 'या तिन्ही धाडसी मुलींच्या पाठीशी आम्ही उभे आहोत.' तिघींची पूर्ण नावं. कंसात प्रत्येकीचं गाव. बाकावरच्या मैत्रिणीच्या नावापुढे तिच्या तांड्याचं नाव.

मी ते वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, "बाबा, ते गाण्याचं काढा ना."

"का? त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

"काढा ना."

त्यांनी काढलं नाही. मी रडत रडत घड्या घातल्या. एवढं सगळं वाचून मला खटकलं ते एकच वाक्य, आणि ते माझ्याबद्दलचं होतं. कंसातला तांडा माझ्या डोळ्यांखालून गेला, पण त्याचं मला काहीच वाटलं नाही. पत्रकात नावं असतातच. नाव द्यायला न घाबरणं हीच तर आमच्या घराची शिकवण.

बॅनर अर्धा दिवस लटकला होता, तोही गावातल्या चौकात. पत्रक आठवडी बाजारातून लोकांच्या पिशव्यांत बसून कुठे कुठे गेलं. तिच्या तांड्यावरच्या किराणा दुकानात ते कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं.

चार-पाच दिवसांनी तिचे वडील आमच्या दारात उभे. मागे ती. तिच्या हातात वसतिगृहातली पत्र्याची पेटी. वसतिगृहातून तिला काढून घेऊनच ते इकडे आले होते. गावातली शाळा बंद, आता घरी राहायचं, असं ठरवून. सहामाहीत ती वर्गात दुसरी आलेली. पहिली मी.

आईने पाणी दिलं. बाबांनी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"सर, मी वाचलं," ते म्हणाले. घडी घातलेलं पत्रक खिशातून काढून त्यांनी हातात धरलं होतं. "मी सातवी हाय. तुमी बरं लिवलंय. पन तांड्याचं नाव काहून टाकलं? दुकानावर बसून पोरं माझ्या पोरीचं नाव घेऊन राहिली. धाडसी म्हणतेत आन हासतेत. तिच्या आजीला इचारतेत, नात कोण्या पावण्याला बॅनर लावून आली म्हणून."

बाबा उभे राहिले. मला त्यांचा तो आवाज ओळखीचा होता, सभेतला. "हे पाहा, तुम्ही समाजाला घाबरून मुलीचं शिक्षण बंद करताय. शिक्षण हा तिचा हक्क आहे. तुमच्या-माझ्या इच्छेचा प्रश्नच नाही. उद्या तुम्ही तिचं लग्न..."

"काका, तुमी जरा थांबा," ती म्हणाली.

आमच्या घरात बाबांना बोलताना कुणी थांबवत नसे. आईसुद्धा नाही.

ती तिच्या वडिलांशी त्यांच्या बोलीत बोलली. भरभर. आम्हाला एक अक्षर कळलं नाही, आणि बाबांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच असं पाहिलं की आपल्याच घरात चाललेलं बोलणं आपल्याला कळत नाही. मग ती बाबांकडे वळली.

"दुकानवाल्या दादानं फोटो लावला, मला इचारलं न्हाई. पालिकेनं काढला, तवा न्हाई. तुमी नाव छापलं, तुमी बी न्हाई. तुमच्या घरात मी दर रविवारी येत होते, काका. एक शब्द इचारला असता तर मी सांगितलं असतं, तांड्याचं टाकू नका." मग वडिलांकडे न बघता, "आन बा मला घेऊन चालला. तोबी इचारून न्हाई राहिला."

माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मी बाबांच्या मागे, दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तिने मलाही त्या यादीत घातलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग तिचे वडील तिला म्हणाले, मराठीतच, जसं काही आम्ही ऐकावं म्हणून, "मंग सांग. काय करू?"

"परीक्षेपर्यंत राहते. दर शनिवारी घरी येते. फोन न्हाई, गाणं न्हाई. यांच्या घरी येणं न्हाई." आणि मग, "बोर्डाला मी पहिली येते का न्हाई बघ. न आले तर घेऊन जा."

त्यांनी पत्रकाची पुन्हा घडी घातली, खिशात ठेवली आणि तिच्या हातातली पेटी स्वतः उचलली. दोघं वसतिगृहाच्या रस्त्याला लागले. आईने केलेला चहा तसाच राहिला.

बाबा आत गेले आणि टायपिंगचा आवाज यायला लागला. थोड्या वेळाने आईने डोकावून पाहिलं. पडद्यावर मोठ्या अक्षरात 'जाहीर माफी' होतं आणि खाली पुन्हा तिचं पूर्ण नाव.

"अहो," आई म्हणाली, "आता माफी मागायला परत नाव छापणार का तिचं?"

बाबांनी हात मागे घेतले. त्यांना सुचेना, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चूक झाली तर पत्रक काढायचं, अन्याय झाला तर पत्रक काढायचं, एवढंच त्यांना येत होतं. आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पत्रकं परत मागायला निघालो. चहाचं हॉटेल, सलून, औषधाचं दुकान. हळदीच्या आडतीवर मुनीम म्हणाले, "सर, लोक पत्रक वाटतेत. परत मागणारे तुमीच बघितले!" भज्याच्या गाड्यावर पत्रकांचे पुडे होऊन गेलेच होते. सलूनवाला हसत म्हणाला, "आत्ता कुठं वाचाय घेतलं होतं. गाण्याचं बरं लिवलंय तुमी. ताई, कोन्तं गाणं वो ते?" मी त्याच्या हातातलं पत्रक घेऊन पिशवीत टाकलं. बाबा प्रत्येक ठिकाणी हात पुढे करून उभे राहायचे आणि कारण सांगायचे नाहीत, कारण कारण सांगायचं म्हणजे पुन्हा तेच नाव. जन्मभर कारणं सांगत आलेल्या माणसाला ते किती जड जात होतं, हे दिसत होतं. तांड्यावर जायचं त्यांनी काढलं, पण आई म्हणाली, तिथं तुम्ही जाल तर आणखी चार दिवस बोलतील. गेले नाहीत.

शाळेत ती माझ्याच बाकावर बसायची. बोलायची. इतिहासाच्या नोट्स मागायची, गणितं दाखवायची. रागावली असती तर मला माफी मागता आली असती. तिच्याकडे तेवढा वेळ नव्हता. मधल्या सुट्टीत फ्लेक्सवालीने एकदा फोन काढला तेव्हा ती उठून नळावर गेली आणि घंटा होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

आणि माझं गाणं? ते कुणीच बंद केलं नाही. उलट बाबांनी एका रविवारी क्लासमध्ये बोलावून सांगितलं, "लाव बरं ते. ऐकू तर दे, काय आहे त्यात." मी लावलं. बाबा मान हलवत ऐकत होते, ठेका धरायचा प्रयत्न करत होते. धाकट्याच्या दोन ओळी आल्या आणि गेल्या. मला माझ्या घरात इतकं स्वातंत्र्य होतं की मला तिथे बसवेना. तिने ते गाणं देऊन शाळा विकत घेतली होती. मला दोन्ही फुकट मिळत होती. वर एक कौतुक करणारा बापही.

बोर्डात ती शाळेत पहिली आली. मी तिसरी. तिचे वडील निकालाच्या दिवशी शाळेत आले होते; बाबांना दुरून हात जोडले, जवळ आले नाहीत. ती पुढे नांदेडला नर्सिंगला गेली, आता नोकरी करते. तांड्यावरून तिच्यानंतर अजून मुली वसतिगृहात आल्या, असं ऐकते. त्याचं श्रेय कुणी बाबांच्या पत्रकाला देऊ नये.

मी आता स्वतः लिहिते. पत्रकं लिहिते, लेख लिहिते, बोलायलाही जाते. बायकांच्या हक्कांवर बोलताना समोरच्या बायका मान हलवतात आणि मला मध्येच तिचं 'तुमी जरा थांबा' ऐकू येतं. काही वेळा मी थांबते. बऱ्याच वेळा थांबत नाही.

हे लिहून झाल्यावर मी तिला फोन केला. लिहिलंय, छापायला देऊ का, विचारलं.

"आधी वाचून दाखव," ती म्हणाली. ड्यूटीवरून आली होती, मागे भांड्यांचा आवाज येत होता.

मी सगळं वाचलं. शेवटी ती म्हणाली, "बापासारखंच लिवतेस. लांब."

"देऊ का मग?"

"नाव टाकू नको. तांड्याचं तर न्हाईच. आन दोन गोष्टी काढ." कोणत्या त्या तिने सांगितल्या. एक तिच्या आजीची जुनी आठवण होती, एक आमच्या दोघींबद्दल. दुसरी मला फार आवडलेली होती, तिच्यावाचून लेख लंगडा वाटेल, असं मी तिला म्हणून पाहिलं.

"वाटू दे," ती म्हणाली.

त्या दोन्ही गोष्टी मी काढल्या आहेत.